हरायला नेलेला डबा

दॉकपालने आजवर शेकडो खोड्या केल्या, पचवल्या, वर ढेकर दिला. मुळ्याची मात्र घशात अडकली.

त्यांच्या गावात हिवाळ्याचा अंदाज मुळा सांगतो. साल जाड निघाली तर बर्फ लवकर, पातळ निघाली तर उशिरा. ऑक्टोबर संपता संपता गावचा ईजांग, म्हणजे मुखिया प्यो, आपल्या परसातला मुळा उपटून आणतो, कचेरीच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत सोलतो आणि भोंग्यावरून सांगतो की, कोबी कधी काढायचा आणि त्याचं तिखट लोणचं, म्हणजे किमची, कधी घालायची. मोबाइलवर अंदाज येतो, नाही असं नाही. पण तो खाली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्याचा. तिथे पाऊस म्हणतात, तेव्हा इथे वर काय पडेल ते मुळ्यालाच ठाऊक.

यंदा दॉकपालने प्योच्या टोपलीतला मुळा गुपचूप उचलला आणि बाजारातून आणलेला दक्षिणेकडचा मुळा तिथे ठेवला. गुळगुळीत, कागदासारख्या सालीचा. बावन्न वर्षांचा घोडा, पण हात खाजले की खाजले. प्योने तो सोलला, हरखला आणि भोंग्यावर गरजला, "यंदा बर्फ उशिरा! किमची वीस नोव्हेंबरला!" दॉकपाल गर्दीत मागे गाल आतून चावत उभा. चार दिवस जाऊ द्यायचे, मग बिंग फोडायचं आणि प्योचं तोंड बघायचं, असा बेत.

सहा तारखेला सकाळी तो मधाच्या पेट्या खाली आणायला टेम्पो घेऊन खिंडीत गेला. वर चार बोटं बर्फ. आणि वारा समुद्राकडून. हा वारा सुटला की संध्याकाळच्या आत बर्फ गावात उतरतो. हे कळायला त्याला मुळा लागत नव्हता.

बाकीच्यांचा कोबी घरामागे, प्लास्टिकखाली. उघड्यावर एकट्या ओकबुन वहिनीचा, वरच्या उतारावर, सहाशे गड्डे. ऑगस्टमध्ये ती रोपं दॉकपालच्या थोरल्या भावाने लावली होती. सप्टेंबरमध्ये भाऊ गेला. भिजून गोठलेला कोबी गुरंही खात नाहीत.

दॉकपाल थेट वहिनीच्या दारात.

"वहिनी, कोबी आजच काढायचा. बर्फ येतोय."

"भावोजी, मागच्या वर्षी अस्वल आलंय म्हणून तुम्ही मला खुराड्यात बसवलं होतं. कोंबड्यांसोबत. तासभर."

"ते वेगळं."

"ईजांगने वीस तारीख दिली आहे. तुमचे दादा त्या तारखेआधी पान तोडत नसत."

मग प्योच्या अंगणात. दॉकपालने सरळ कबुली दिली. आयुष्यात पहिलीच असेल.

"मुळा मी बदलला होता."

प्यो हसला. "माझा अंदाज बरोबर आला की तुझ्या पोटात दुखतं. उद्या म्हणशील, सूर्यही मीच ढकलतो."

"अरे लेका, खिंडीत चार बोटं बर्फ आहे!"

"असेल की. त्यावर तुझं अस्वल बसलं असेल."

सहाशे गड्डे, आणि हात दॉकपालचे दोन. अख्खं गाव लागणार होतं, आणि त्याच्या शब्दावर गावातलं कुत्रंही उठलं नसतं. तो टेम्पोत बसला. बसल्या बसल्या त्याला खेळ आठवला.

पहिला बर्फ पडला की त्यांच्याकडे तो खाऊ म्हणून बांधून दुसऱ्याला देतात. समोरच्याने हातात घेतला की तो फसला, अख्ख्या गावाला जेवण त्याने द्यायचं. पण त्याने ओळखलं आणि देणाऱ्यालाच अंगणात धरलं, तर जेवण देणाऱ्याकडे. तेही त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. अकरा वर्षं प्यो फसत आला होता. एकदा तर तो बर्फ त्याने औषध म्हणून उशाशी ठेवला होता.

दॉकपाल पुन्हा खिंडीत गेला, डबा भरला, फडक्यात बांधला. गाठ मुद्दाम सैल.

"प्यो, आमच्या हिने तुझ्यासाठी तांदळाचे लाडू पाठवलेत."

डब्यातून टपटप पाणी गळत होतं. प्योने पाण्याकडे बघितलं, दॉकपालकडे बघितलं. दॉकपाल पळाला, पण असा, की म्हातारी गायही त्याला गाठेल. फाटकाशी त्याचा बूटही निघाला. प्योने मागून कॉलर धरली.

"सापडला! अकरा वर्षांनी सापडला!"

"सोड. हा बर्फ खेळात धरत नाहीत. डोंगरावरचा आहे. गावात कुठे पडलाय?"

"बर्फ तो बर्फ!"

"पण तूच म्हणालास की यंदा उशिरा..."

"तोंड बंद! हा पहिला बर्फ आहे. ईजांग मी आहे, मी सांगतो!"

आणि गेला भोंग्याकडे, कॉलर न सोडता. "ऐका हो! पहिला बर्फ पडला, आणि दॉकपाल सापडला! आज जेवण त्याच्याकडून!" मग भोंगा चालू ठेवूनच त्याने विचारलं, "कुठे रे?"

"वहिनीच्या शेतात. डुकराचं मटण शिजवतो. सोबत ताजी किमची हवी असेल, तर येताना सुऱ्या आणा."

अठरा घरं आली. एक लंगडणारी म्हातारीसुद्धा आली. दॉकपालला हरलेला बघायला तिने दोन चढ चढले. वहिनी बांधावर कमरेवर हात ठेवून उभी.

"तारीख वीस आहे."

सगळ्यांनी प्योकडे पाहिलं. प्योचा हात अजून दॉकपालच्या कॉलरवर होता.

"ईजांग," लंगडणारी म्हातारी म्हणाली, "आत्ताच भोंग्यावर बोललास ना, बर्फ पडला म्हणून? मग वीस तारीख कसली?"

प्योने तोंड उघडलं. समुद्राकडून ढग खिंडीवर चढत होता. तो त्याने बघितला, मग दॉकपालच्या एकाच पायातला बूट बघितला. त्याला किती कळलं कुणास ठाऊक. त्याने कॉलर सोडली.

"काढा," तो म्हणाला.

मग काय, चाळीसेक माणसं वाकली. गड्डे टेम्पोत पडू लागले, मटणाचा वास सुटला, दॉकपालच्या नावाने टोमणे सुरू झाले. तीनच्या सुमाराला बर्फ आला. आधी भुरभुर, मग जाडसर, तिरका. साडेपाचशेच्या वर गड्डे निघाले होते. पातेल्याभोवती गर्दी झाली. शेवटची एक ओळ उरली, तिथे दॉकपाल एकटा उपटत राहिला.

वहिनीने कोबीच्या पिवळ्या पानात मटण आणि मिरचीचा मसाला गुंडाळला आणि त्याच्यापाशी गेली.

"पुरे आता. एवढे राहू देत सशांना."

तो उपटतच होता.

"तोंड उघडा."

तिने घास कोंबला. गालफड फुगलेलं, डोळ्यांत पाणी.

"तिखट झालंय?"

त्याने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. वहिनीने हात पदराला पुसावेत तसे घागऱ्याला पुसले, त्याच्या पाठीवर एक हात ठेवला आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली.