उजवीकडचं बटण

"रजनी, सगळं गेलं," हे म्हणाले.

मी पत्रिकांच्या घड्या घालत होते. "काय गेलं?"

"दहा वर्षांच्या पत्रिका. एक राहिली नाही."

आमचे हे म्हणजे जनार्दनराव, पौडच्या एसटी स्टँडसमोरचे पत्रिकावाले. आधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. अठ्ठ्याण्णव साली छापखाना बंद पडला, तेव्हा माझ्या पाटल्या मोडून कॉम्प्युटर घेतला. आमच्या मुळशीत लग्नपत्रिका म्हटली की भावकीची नावं आली, आणि नावांचा क्रम चुकला की मांडवात रुसवे आले. एका घरात चुलत्याचं नाव पुतण्याच्या खाली गेलं, तर अर्धी भावकी न जेवता उठली. म्हणून लोक यायचे आणि एवढंच सांगायचे, थोरल्याच्या लग्नातलीच नावं टाका. घरोघरची यादी ह्यांच्या कॉम्प्युटरात होती.

त्या कॉम्प्युटरला महिन्याआड व्हायरस लागायचा. सूसला राहणारा, आयटीत नोकरीला असलेला स्वानंद स्वतःची पत्रिका न्यायला आला, तेव्हा एक सीडी ठेवून गेला. "काका, लिनक्स आहे, विंडोजच्या जागी घालायचं. फुकट, आणि व्हायरसची कटकट नाही. सोमवारी येऊन घालून देतो, तोवर हात लावू नका." पण ह्यांना धीर कुठला. शनिवारी मी जेवायला घरी गेले आणि ह्यांनी सीडी घातली.

"अहो, पुसण्याआधी त्यानं काही विचारलं असेल ना?"

"विचारलं. नेहमी विचारतं तसंच."

"मग?"

"उजवीकडचं बटण दाबलं. नेहमी तेच दाबतो."

"आणि वाचलं नाही?"

ह्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मला इंग्रजी वाचता येत नाही, रजनी."

माझ्या हातातली पत्रिका तशीच राहिली. बावीस वर्षांचा संसार आमचा. बँकेचा कागद आला की हे म्हणायचे, चष्मा विसरलो, तूच वाच. आणि मी वाचायचे. खिळ्यांच्या पेटीत कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे जसं हाताला ठाऊक असतं, तसं ह्यांनी कॉम्प्युटरचं बटण न् बटण जागेवरून पाठ केलं होतं. सगळं पौड ह्यांना कॉम्प्युटरमास्तर म्हणायचं. मला राग आला ह्यांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की मला कधी कळलं नाही.

सोमवारी स्वानंद आला तो हबकलाच. दोन तास खटपट करून म्हणाला, "काका, जुन्यावर नवीन लिहिलं गेलंय. आता नाही मिळायचं." जाताना त्यानं पडद्यावरचं सगळं मराठीत करून दिलं. हे तोंड पडद्याजवळ नेऊन एकेक वाचत बसले. संपादन. जतन करा. रद्द करा. "हे असं होतं होय," म्हणाले. बाकी प्रिंटर तीन दिवस ढिम्म हलला नाही, अक्षरांच्या कळा जागा सोडून भलतीकडे गेल्या, आणि ह्यांनी त्या फुकटच्या वस्तूला मनसोक्त शिव्या घातल्या.

गुरुवारी माले गावची तुकाबाई आली. घरात शेरडं-मेंढरं, धाकट्या सूरजचं लग्न ठरलेलं. "मास्तर, थोरल्या पल्लवीच्या लग्नातलीच नावं टाका."

"जुनी पत्रिका आहे का गं घरी?" मी घाईनं विचारलं.

"शेरडानं खाल्ली. क्रम धन्यास्नीच ठावा व्हता, त्ये ग्येले. आता एक नाव खालीवर झालं तर भावकी मांडवात पाय ठेवायची न्हाई. बाईमानसाचं कोन ऐकतंय?"

मशीन बिघडलंय म्हणा, अशी मी ह्यांना खूण केली. ह्यांनी बघितली आणि सोडून दिली.

"तुकाबाई, यादी माझ्या हातून पुसली गेली. काय विचारतंय ते मला वाचता आलं नाही. मला इंग्रजी येत नाही."

तुकाबाई खाली टेकली. "मला तर मराठीबी येत न्हाई. पण नावं ग्येली म्हना की. हितंच बसून सांगितल्याली त्येंनी."

ह्यांनी कळफलक पुढं ओढला. मग ओठ हलायला लागले. जुळवताना प्रत्येक नाव तोंडातल्या तोंडात म्हणायची ह्यांची छापखान्यापासूनची सवय. त्यावरून मी किती चेष्टा केली होती. "हैबतराव. मग विश्राम. मग..." कळ शोधायची, दाबायची, पुढचं नाव म्हणायचं. "न्हाई, आदी धाकला चुलता," एक ऐकलं की दुसरं आठवून तुकाबाई मध्येच म्हणायची. एकतीस नावं झाली तेव्हा दुपार कलली होती.

सगळ्यात वरची ओळ राहिली. मागच्या वेळी तिथं 'श्री.' होतं. तुकाबाई नवऱ्याचं नाव घेणार नव्हती, आणि ह्यांनी विचारलंही नाही. स्वतःच लिहिलं आणि हळू वाचून दाखवलं, "कैलासवासी बाजी." तुकाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

हे काम बंद करायला गेले तसा पडद्यावर प्रश्न आला. ह्यांचा हात सवयीनं उजवीकडे गेला आणि थांबला. पडद्यावर बोट ठेवून ह्यांनी मोठ्यानं वाचलं, "बंद करण्याआधी बदल जतन करायचे का?" आणि आमच्या दोघींकडे बघितलं.

"करा की," तुकाबाई म्हणाली.

ह्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मग बटण दाबलं.