पहिला मान दवाखान्याला

काकांचा शिवणकामाचा कारखाना वरच्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. दोन्हीकडच्या इन्व्हर्टरांचं जंजाळ काढून इंजिनीअर पुतणीने जिन्याखाली स्वतः बनवलेला एकच कन्व्हर्टर बसवला. छतावरचे सोलर पॅनेल, बॅटरी, बाहेरची लाइन, दवाखाना, कारखाना, सगळ्यांच्या वायरी त्या एका डब्यात. वीज कुठून घ्यायची आणि कोणाला किती द्यायची, हे डबाच ठरवणार.

"आणि कमी पडली तर?" काकांनी विचारलं.

"आधी कारखाना बंद होईल. दवाखाना चालू राहील."

"म्हणजे घरचे उपाशी आणि शेजारी तुपाशी."

पुतणीने ऐकून घेतलं, पण क्रम बदलला नाही. काका आठवडाभर गाल फुगवून फिरले. त्यातला डावा गाल रागाने नाही, दाढेने फुगलाय, हे डॉक्टरीणबाईंनी बरोबर ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांना खुर्चीत बसवलं.

दाढ अर्धी कोरून झाली आणि लाइन गेली. आभाळ भरलेलं, बॅटरी निम्म्यावर. वरची आठही मशिनं एका दमात गप्प झाली. काका आ वासूनच काहीतरी सांगू लागले.

"हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं ड्रिल तसंच फिरत होतं.

जिन्याखाली पुतणी आकड्यांवर डोळे लावून बसली होती. कागदावर सगळं जमलं होतं, तरी ती एकेक आकडा पुन्हा तपासत होती. तेवढ्यात लाइन जाण्याआधीच्या नोंदीत तिला दिसलं, की कारखान्याच्या विजेतला मोठा घास एकटी वाफेची इस्त्री खात होती. आठ मशिनं मिळून जेमतेम चिमूटभर.

काका बधीर गाल धरून बाहेर आले.

"काका, माझं चुकलं. फक्त इस्त्री बंद व्हायला हवी होती. मशिनं उगाच थांबली."

"थांबू दे," काका बोबडं बोलले. "अर्धवट शिवलेलं कापड ओरडत नाही गं. मी ओरडलो असतो."

शनिवारी तिने इस्त्रीची वायर वेगळी केली. आता आधी दवाखाना, मग मशिनं, शेवटी इस्त्री. पुढच्या वेळी लाइन गेली तेव्हा वर काम चालूच राहिलं. इस्त्रीवाल्या मावशींना मात्र चहा प्यायला आयती सवड मिळाली.