मानांग लोलिंगने मला निवडले

मित्रांनो, माझी नळी लांब, वजन बऱ्यापैकी आणि गोळी मात्र करंगळीच्या पेराएवढी. मी एक जुने, नेमबाजीच्या स्पर्धेतले पिस्तूल आहे. आयुष्यभर मी कागद आणि पोलादी ताटल्याच टिपल्या, कधी कोणाला धाक दाखवला नाही, याचा मला अभिमान आहे.

माझे पहिले मालक जहाजावरचे इंजिनिअर होते. ते शांतपणे, एकेक गोळी मोजून कागदावर नेम धरत. ते गेल्यावर घरच्यांनी मला फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहरात मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, इकिंगच्या बंदुकांच्या दुकानात दिले. तिथे काचेच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर मी सहा वर्षे पडून होतो. नवी, हलकी, रंगीत पिस्तुले येत आणि विकली जात. माझ्यातले वंगण काकवीसारखे घट्ट होत चालले.

एका सकाळी लोलिंग आली. तिची बेकरी होती. सगळी गल्ली तिला 'मानांग', म्हणजे थोरली बहीण, म्हणे. वीस वर्षे ती मोठ्या पिस्तुलाने स्पर्धा खेळली होती, पण आता त्याचा धक्का मनगटाला सोसत नव्हता. डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. दोन महिन्यांनी इलोइलो शहरात वार्षिक स्पर्धा होती, आणि ती तिने एकदाही चुकवलेली नव्हती. लहान गोळीचे पिस्तूल मिळाले तरच जाता येणार होते.

सोबत तिच्या नेमबाजी क्लबमधली मेरिविक होती. तिने स्वतःच्या पिस्तुलासारखेच एक नवे पिस्तूल पुढे केले.

"मानांग, हे घ्या. पिसासारखं हलकं! उचललं की ताटलीवर."

"आणि ताटलीच्या पुढेही," लोलिंग म्हणाली. "थांबतं कुठे ते? मानोंग, ते खालचं काढा बघू."

"अगं, ते जड आहे. तुझ्या मनगटाला झेपेल का?"

"धक्का झेपत नाही, मानोंग. वजनाचं काय, पिठाची पोती रोज उचलते मी."

तिने माझे गोळ्यांचे मॅगझीन काढले, आत गोळी नाही ना ते पाहिले.

"मी बघितलंय गं," इकिंग म्हणाला.

"आता मीही बघितलं."

मग डोळे मिटून तिने मला भिंतीकडे उचलले आणि डोळे उघडले. माझी नेमाची खूण बरोबर डोळ्यासमोर! तीनदा केले, तीनदा तेच. तरी ती भुलली नाही. मला साफ करून घेतले आणि दुकानामागच्या मैदानावर तीन प्रकारच्या दोनशे गोळ्या झाडल्या. दोन प्रकारांना मी अडकलो, लाज वाटली. तिसऱ्याला एकदाही नाही.

"याला काय पचतं ते कळलं," ती म्हणाली. "हेच द्या."

मेरिविक खो-खो हसली. "मानांग, पिस्तूल घ्यायला आलात आणि आजोबा घेऊन निघालात!"

इलोइलोला प्रत्येक टप्प्यात पाच फेऱ्या आणि दर फेरीत पाच ताटल्या होत्या. शेवटची वाजली की वेळ थांबे; सर्वांत कमी वेळ घेईल तो पहिला. फेरीमागून फेरी मी ठण् ठण् वाजवत गेलो. शेवटच्या टप्प्यापर्यंत पहिल्या जागेसाठी लोलिंग आणि मेरिविक यांच्यातच चुरस उरली. लोलिंगचा टप्पा झाला, आणि मेरिविकची पाळी आली तोच तिच्या पिस्तुलातली स्प्रिंग तुटली.

"दुसरं पिस्तूल असेल तर आणा, नाहीतर नाव कापतो," पंच म्हणाले.

मेरिविकचा चेहरा पडला. ती कोणाकडे मागणार? लोलिंग मला पुसत होती. तिचा हात थांबला. मला वाटले, आता ती मला पेटीत ठेवील.

"इकडे ये गं," ती म्हणाली. "याचा चाप जरा घट्ट आहे, घाई करू नकोस. आणि गोळ्या माझ्याच घाल."

"मानांग, पण मी जिंकले तर?"

"जिंकलीस तर जिंकलीस! तोंड मिट आणि नेम धर."

पहिल्या फेरीत मेरिविकने दोन ताटल्या चुकवल्या. सर्वांत वाईट फेरी वगळतात, म्हणून बरे. पुढच्या चार फेऱ्यांत मी तिच्या हातात स्थिर झालो. अर्ध्या सेकंदाच्या फरकाने मेरिविक पहिली आली, लोलिंग दुसरी.

लोलिंगच्या मनाला लागले. रात्री खानावळीत भाजलेल्या कोंबडीचे ताट पुढे होते, पण बराच वेळ तिने घास घेतला नाही. मेरिविक ढाल घेऊन आली आणि खालमानेने म्हणाली, "मानांग, हे पिस्तूल मला विकता का?"

"वेड लागलंय का तुला? पुढच्या वर्षी तुला हरवायला मला हेच लागणार!"

मग दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले.

मित्रांनो, स्पर्धेच्या निकालाच्या फलकावरची पहिली दोन्ही नावे माझ्याच नळीतून गेली आहेत. माझी छाती का फुगू नये? मात्र एक लक्षात ठेवा. माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. बाकी कुठलीही वस्तू निवडताना तिच्या रंगावर जाऊ नका, हातात धरून पाहा, पारखा. आणि एकदा आपली म्हटली, की तिला पुसा, जपा. सहा वर्षे काचेमागे मी कोणीतरी उचलण्याचीच वाट पाहत होतो.