उंबऱ्याच्या आतला हात

"वहिनी, वाट नांगरली तर तुमचं अडतंय कुठं? मी आहे की पाठीवर न्यायला," धाकटा दीर म्हणाला.

"तुमच्या पाठीवर लई बसले," दोरवाली हातातल्या दोराला पीळ देत म्हणाली. "आता नको."

"मग गावच्या सभेतच बघू," असं म्हणून तो निघून गेला.

दोरवालीचे पाय लहानपणापासून लुळे. नवऱ्यानं तिला चाकांची फळी करून दिली होती. हातांनी जमीन रेटत ती बांधाकडेच्या सपाट वाटेनं आपल्या मिरचीच्या तुकड्यात एकटी जायची. नवरा गेला आणि दिराचा डोळा त्या वाटेवर पडला; ती नांगरून त्याला आपल्या शेतात घ्यायची होती. चिखल झाला की तो तिला पाठीवर घेऊन शेतात न्यायचा, आणि गाव म्हणायचं, दीर असावा तर असा. गावाला काय, दुरून डोंगर साजरे! एकदा शब्दाला शब्द लागला, तर ह्याच दिरानं तिला शेतात उतरवलं आणि न्यायला आला तो दिवस कलताना. पावसानं उघडीप दिलेली, ऊन नुसतं चावत होतं, प्यायला पाणी नाही, फळी घरी. आल्यावर म्हणाला, "विसरलो." ज्याच्या पाठीवर बसायचं त्याच्याशी भांडायची सोय नसते, हे तिला त्या दिवशी कळलं.

सभाघराला पायऱ्या होत्या. तिच्यासाठी म्हणून गेल्या साली गवंड्यानं शेजारी उतार बांधला. अध्यक्षांनी भाषण केलं, गावानं टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्यावर धान्य वाळत घालायला लागले. आज दोरवालीनं ते धान्य हातानं बाजूला सारलं आणि दम खात, घसरत वर गेली. दारात फळी धाडकन आपटली. पुढं वीतभर उंच उंबरा होता.

दाराशी बसलेला गवंडी खाली बघू लागला. "उंबरा ध्यानातच आला नाही, ताई. तुम्ही कायम पाठीवरून आत यायच्या."

दीर लगबगीनं उठून आला आणि तिच्या कानाशी वाकला. "उचलतो की. वाटेचं तेवढं सोडा."

दोरवालीनं आत नजर टाकली. आत सगळं गाव बसलेलं होतं, आणि एकालाही यात वावगं दिसत नव्हतं.

"राहू दे. मी इथंच बरी आहे," ती म्हणाली.

वाट ठेवायची की मोडायची, यावर हात वर झाले. अध्यक्षांनी मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडून सारखेच भरले. तेवढ्यात दारातून दोरवाली म्हणाली, "माझा राहिला."

"तुम्ही बाहेर आहात," अध्यक्ष म्हणाले. "उंबऱ्याच्या आतलाच हात मोजायचा, ही जुनी चाल आहे." रस्त्यानं जाणारे रिकामटेकडे गंमत म्हणून खिडकीतून हात वर करायचे, तेव्हापासूनची.

दोरवाली चौकटीला छाती टेकून पुढं वाकली आणि दोरानं घट्टे पडलेला हात तिनं उंबऱ्यापलीकडं घालून वर केला.

"हात आत आहे," ती म्हणाली. "पाय मोजत असाल तर तसं सांगा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी पागोट्याखाली डोकं खाजवलं आणि तो हात मोजणीत धरला. वाट राहिली.

दीर तिला ओलांडून बाहेर पडला. त्याच्या वहाणेची माती तिच्या मांडीवर सांडली. उद्यापासून पाठ मिळणार नाही, चिखलात तर नाहीच नाही. तिला भीती वाटली, आणि तिनं ती माती झटकली.

"हा उंबरा फोडायला पाहिजे," गवंडी हळूच म्हणाला.

"पुढच्या सभेत घेऊ," अध्यक्ष उठता उठता म्हणाले. "आत बसलेल्यांचं मत बघू."

"बघा," दोरवाली म्हणाली. "मी हात घेऊन येतेच."

उतार चढायला अवघड होता, उतरताना त्याहून वाईट. ती उलटी बसली आणि तळवे घासत, फळी आवरत खाली आली. आभाळ भरून आलं होतं. वाट भिजायच्या आत घर गाठायचं म्हणून तिनं हात भराभर चालवले.