होकायंत्राची पिशवी

नणंद बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची आणि वीस वर्षं डोंगर चढत होती. भावजय घरी शिवणकाम करायची. गेल्या वर्षी नणंदेने तिला मशीनवरून जवळजवळ ओढूनच डोंगरावर नेलं, आणि मग तिलाही चटक लागली.

महिन्यापूर्वी भावजयीने नणंदेच्या होकायंत्रासाठी पिशवी शिवून दिली. जाड निळं कापड, आत मऊ अस्तर आणि झाकणाला पर्सला असतं तसं चुंबकाचं बटण.

"होकायंत्राची ती जुनी डबी टाकून द्या, ताई. चालताना नुसती खडखडते."

नणंदेने पिशवी उलटसुलट करून पाहिली. "टेलरबाई, लग्नातही मला कुणी इतकं नेटकं काही दिलं नव्हतं."

या वेळी दोघी डोंगरावर गेल्या त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पठारावर धुकं उतरलं. दहा पावलांवरचं झुडूप दिसेना. वाटसरूंनी खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या ढिगापाशी नणंद थांबली. घड्या भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला नकाशा तिने गुडघ्यावर पसरला.

"आपण इथे आहोत. उतरायची वाट उत्तरेला, हा ओढा ओलांडून. दक्षिणेला सरळ कडा आहे, तिकडे फिरकायचंच नाही."

गळ्यात अडकवलेल्या निळ्या पिशवीतून होकायंत्र काढून, तळहातावर आडवं धरून तिने सुई स्थिर होऊ दिली. मग म्हणाली, "चल. माझ्या मागोमाग ये."

वीसएक मिनिटं त्या चालल्या. ओढा काही आला नाही.

"ताई, आपण चढतोय असं वाटतंय मला."

"धुक्यात वाटतं तसं. सुई खोटं बोलत नाही."

तेवढ्यात वारा सुटला आणि समोरचं धुकं फाटलं. नणंदेचा पाय उचललेला होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं. भावजयीने तिची पाठपिशवी धरून मागे हिसका दिला आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. एक दगड निसटून कड्यावरून गेला. आवाज येईना. आला तो फार उशिरा आणि फार खालून.

दोघी बसल्या बसल्याच मागे सरकल्या. नणंद हातातल्या होकायंत्राकडे पाहत होती. सुईचं उत्तर दाखवणारं लाल टोक अजूनही कड्याकडेच होतं.

"उत्तर आहे ही," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "उत्तर आहे ही."

धुक्यात सूर्याचा पांढुरका ठिपका दिसत होता. भावजयीने त्याच्याकडे बोट केलं. "ताई, साडेतीन वाजलेत. सूर्य पश्चिमेला हवा ना?"

"हो."

"मग कड्याकडे तोंड केल्यावर तो उजव्या हाताला कसा?"

नणंदेने आधी सूर्याकडे आणि नंतर कड्याकडे पाहिलं. होकायंत्र तिने जमिनीवर ठेवलं. मग गळ्यातली निळी पिशवी काढून तिचं बटण हळूच सुईजवळ नेलं. सुई थरथरली आणि बटणाच्या मागे मागे फिरली.

भावजय त्या बटणाकडे पाहत राहिली. पर्सना अशी शेकडो बटणं तिने लावली होती.

"महिनाभर या चुंबकाला चिकटून होती," नणंद म्हणाली. "उलटी झाली सुई."

"मी शिवली ती."

"तू शिवलीस. पण घरून निघताना सूर्याकडे पाहून सुई तपासायची असते. वीस वर्षं तपासत आले. आज पिशवीचं कौतुक करत बसले."

तिच्या आवाजात राग नव्हता. नकाशा आणि होकायंत्र तिने पुढे केलं. भावजयीने दोन्ही घेतलं. निळी पिशवी तिने आपल्या पाठपिशवीच्या तळाशी, होकायंत्रापासून दूर कोंबली.

"आता लाल टोक म्हणजे दक्षिण," नणंद म्हणाली. "पांढऱ्या टोकाकडे चाल. सूर्य डाव्या हाताला ठेव. तो दिसेनासा झाला तर जागच्या जागी थांब."

पहिल्यांदाच भावजय पुढे होती. दर पन्नास पावलांनी ती थांबायची, सुई पाहायची, मागे वळून पाहायची. दगडांचा ढीग सापडला. मग ओढा लागला, नकाशात होता तिथेच, आणि त्यापलीकडे वाट उतरू लागली.

खालच्या थांब्यावरून सहाची बस मिळाली. नणंदेने भावजयीचा हात घट्ट धरला होता, सोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही. त्यांचा थांबा आला आणि गेला. दोघींनीही तो पाहिला. उठलं कुणीच नाही.

शेवटच्या थांब्यावर कंडक्टर जवळ आला. "बाई, गाडी पुढे जात नाही."

"माहीत आहे," नणंद म्हणाली, आणि भावजयीचा हात धरून तशीच बसून राहिली.