कमोडोरच्या काळजातलं तांबं

एल्डन कॉर्कम सत्तरीला टेकले तरी लॉबस्टर धरायला स्वतःची बोट घेऊन समुद्रात जायचे. पुढच्या टोकाला नाक वर करून कमोडोर बसलेला असायचा, त्यांचा काळा लॅब्राडोर. बायको गेल्यापासून ल्युनेनबर्ग या किनाऱ्यावरच्या गावातल्या घरात हे दोघंच. मुलगी वेरा हॅलिफॅक्स शहरातल्या प्रयोगशाळेत पेशींमधल्या तांब्यावर काम करायची आणि त्यासाठी यीस्ट वाढवायची. त्यावर बापाचा शेरा ठरलेला होता. "यीस्टच वाढवायची होती तर बेकरी काढायचीस की! निदान पाव तरी मिळाला असता."

मार्चमध्ये कमोडोरनं खाणं टाकलं. मग उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले. एल्डननी फोन केला. "पोरी, हा मासासुद्धा हुंगेना." त्यांचा आवाज असा खाली गेलेला वेरानं आईच्या आजारपणानंतर ऐकला नव्हता. ती तशीच गाडी काढून आली.

गावच्या जनावरांच्या डॉक्टर ओडेट यांनी यकृताचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "यकृतात, म्हणजे काळजात, तांबं साठलंय. या जातीत आढळतं, जन्मजात दोष असतो."

एल्डन सावकाश मुलीकडे वळले. "तांबं? म्हणजे तुझं ते तांबं?"

"तेच," वेरा पुटपुटली. तिचे कान तापले होते.

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, जन्मभर तांबं तांबं करतेस आणि घरचं कुत्रं दिसलं नाही होय?"

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत हसू दाबू लागल्या.

घरी स्वयंपाकघरात एल्डननी चहा पुढे ठेवला. "आता सांग. इतकी वर्षं मी कधी विचारलंच नाही."

"तांबं जिवाला लागतं, बाबा. पण पेशीत मोकळं सुटलं तर नासधूस करतं. म्हणून एक प्रथिन ते दारातून आत घेतं, दुसरं लगेच उचलतं आणि नेमक्या जागी नेऊन देतं. मध्ये कुठे खाली ठेवायचं नाही."

"जिवंत लॉबस्टरसारखं म्हण की. नांग्या न बांधता डेकवर सोडला तर बोटं गेलीच."

"अगदी तसंच! आणि तांबं फार झालं की आणखी एक प्रथिन पेशीच्या कडेला सरकतं आणि जास्तीचं पित्तात ढकलतं. कमोडोरचं ते प्रथिनच लंगडं आहे. बरं, तुम्ही त्याला घालता काय?"

एल्डन कपात बघत राहिले. "गाईचं काळीज. आणि लॉबस्टरचं उरलंसुरलं."

"दोन्हीत तांबं ठासून भरलेलं! लॉबस्टरचं तर रक्तसुद्धा तांब्याच्या जिवावर चालतं."

"म्हणजे मीच त्याला—"

"नाही हो बाबा. दुसऱ्या कुत्र्याला हे सगळं पचलं असतं." तिनं त्यांचा खरबरीत हात धरला.

तांब्याला चिकटून ते लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. ताटात भात आणि अंडं आलं, तसा कमोडोर दोन दिवस पाठ फिरवून बसला. पण जूनमध्ये उन्हाळा लागेतो डोळ्यांचा पिवळेपणा गेला, आणि चर्चच्या जेवणात त्यानं टेबलावरचा ब्लूबेरीचा अख्खा केक पळवला, तेव्हा एल्डननी माफी मागायच्या आधी टाळ्या वाजवल्या. धक्क्यावर ते दिसेल त्याला पित्त, प्रथिनं आणि काळीज समजावून सांगू लागले. लोक त्यांना "प्रोफेसर" म्हणून चिडवत आणि ते खुशाल ओ देत.

सप्टेंबरात ते चर्चला घालायचा कोट चढवून पहिल्यांदाच वेराच्या प्रयोगशाळेत आले. यीस्टचं तांबं ढकलणारं मूळ प्रथिन काढून त्याजागी तिनं कुत्र्याचं प्रथिन घातलं होतं. एका बशीत वाढलेल्या यीस्टच्या पांढऱ्या ठिपक्यांची दाटी, दुसरीत तुरळक.

"हे निरोगी कुत्र्याचं. आणि हे आपल्या कमोडोरचं."

एल्डन दुसऱ्या बशीवर कितीतरी वेळ वाकून राहिले.

"बिचारी," ते म्हणाले.

"कोण?"

"ही तुझी यीस्ट. लंगड्या गड्यावर संसार रेटतेय, तरी जगतेय बघ. पुढे काय करणार हिचं?"

"कुठलं औषध त्या लंगड्याला उभं करतं ते शोधणार. वेळ लागेल."

एल्डननी कोट काढला आणि स्टूल ओढून घेतलं. "लागू दे. नोव्हेंबर संपेपर्यंत लॉबस्टर धरायला बंदी, बोट धक्क्यालाच आहे. दाखव, कुठून सुरुवात करतेस ते."