चिमणीची बाटली

"हे काय आणलंत?" डॉक्टर भाग्यश्री मॅडमनी विचारलं.

टेबलावर रॉकेलची चिमणी होती. औषधाची तपकिरी बाटली, पत्र्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेलं भोक. रॉकेल ओतून टाकून, वात काढून नागसेननं ती आणली होती, तरी फिनेलनं पुसलेल्या कंपनीच्या दवाखान्यात त्याच्या घरचा वास सुटला.

"पुरावा हाय, मॅडम," तो म्हणाला.

दोन हजार चार साल. तेव्हा नागसेनच्या गावी, केंदूरला, वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यापेक्षा लवकर जायची. नागसेन रांजणगावच्या एका कारखान्यात सहा वर्षं कंत्राटावर क्रेन चालवत होता. कायम करण्याआधी तपासणी झाली, लघवी घेतली. मॅडमनीच विचारलं होतं, "चार-आठ दिवसांत काही औषध वगैरे प्यायलात का?"

नागसेन दचकला होता. गावाकडं औषध पितात ते फवारणीचं, आणि पिणारा सहसा माघारी येत नाही.

"न्हाई बा! मी कशापायी औषध पिऊ? सोन्यासारखी पोरं हायत माझी."

मॅडम हसल्या आणि फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळ्या झाल्या. खोकल्याचं जे प्यायचं, त्याला त्याच्या घरी 'बाटली' म्हणत. पण 'मी बाटली घेतो' असं कंपनीत सांगायला तो काही खुळा नव्हता.

रिपोर्ट आला. अफूच्या जातीचं काहीतरी निघालं म्हणे. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कायमची नोकरी राहिली बाजूला, क्रेनही सुटली.

नोकरीचं एक वेळ निभावलं असतं. घरी वडील होते, म्हाळूआबा. त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून दारू सोडाच, विडीलाही हात लावला नव्हता. विहारात दर रविवारी पंचशील तेच सांगत, बाकीचे मागून म्हणत. आणि पाचवं शील नशापाणी न करण्याचं.

सगळं ऐकून आबा उठले. अडतीस वर्षांच्या लेकासमोर उभे राहिले.

"तोंड उघड."

नागसेननं उघडलं. सुनेसमोर, नातवंडांसमोर म्हाताऱ्यानं वास घेतला.

"वास न्हाई," ते म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

रविवारी विहारात आबांनी चार शीलं म्हटली. पाचव्याला त्यांचा आवाज फुटेना. माणसं हात जोडून वाट बघत राहिली, मग मागच्या कुणीतरी ते पुरं केलं. नागसेनला वाटलं, यापेक्षा आबांनी चारचौघांत कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा चिमणीची काजळी पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"अवं, त्या हप्त्यात तुमच्या पोटात भाकरीबिगर एवढंच गेलंय. डाक्टरनं दिल्याली बाटली. परवा संपली अन् मी हिची चिमणी केली. हे तांबडं काय लिव्हलंय बघा की."

म्हणून ती चिमणी आता मॅडमच्या टेबलावर होती. मॅडमनी तेलकट लेबल उजेडाकडं धरलं.

"कोडीन! अहो, हे अफूपासूनच काढतात. डॉक्टरांनी दिलंय ना? मग यात गुन्हा काही नाही. पण त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी औषध इचारलं, मॅडम. माझा तर खोकला व्हता."

मॅडम आधी हसल्या, मग फॉर्मवरचं स्वतःचंच 'नाही' त्यांनी पुन्हा वाचलं. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागवून घेतली, पंधरा दिवसांनी तपासणी पुन्हा केली. काही निघालं नाही. कायमचं पत्र हातात देताना त्यांनी बाटलीही परत केली.

त्या रविवारी आबांनी पाचवं शील असं खणखणीत म्हटलं की रस्त्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. घरी आल्यावर एवढंच बोलले, "नाग्या, तोंड उघड म्हनालो व्हतो. ते इसर."

बाटलीची पुन्हा चिमणी करू दिली नाही त्यांनी. दारासमोरच्या फळीवर ठेवली, लेबल दाराकडं करून. आबांना अक्षरओळख नव्हती, पण आल्यागेल्याला ते सांगत, "वाच. डाक्टरचं हाय." पाहुणा चहा पिता पिता बिचारा इंग्रजी वाचत बसायचा.

आता ते दिवस फार लांब राहिले. रेशनचं रॉकेल बंद झालं, घरात इन्व्हर्टर आला, चिमणी म्हणजे काय हे नातींना सांगावं लागतं. आबा जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. विहारात पंचशील आता नागसेनच सांगतो. ते 'तोंड उघड' तो विसरला नाही. फक्त ते आठवलं की आता राग येत नाही, आबाच आठवतात. तसं दरडावणारं माणूस घरात नाही, याचंच वाईट वाटतं.

दिवाळीला सुरेखा फळी झाडते तेव्हा बाटली कशीही ठेवून देते. लेबलावरचं एकही अक्षर आता उरलेलं नाही. नागसेन उठतो आणि तो कोरा, पिवळा कागद दाराकडं वळवून ठेवतो.